पडजीभ पडत नाही!

खोकला चार दिवस लांबला की घरातलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं: "पडजीभ पडलीय." मग अंगठ्याला मीठ लावून ती 'उचलायची', नाहीतर डोक्यावरचे केस धरून वर ओढायचे. केसांचा आणि पडजिभेचा संबंध काय, असं विचारलं तर "आमच्याकडे गुण येतो" हे ठरलेलं उत्तर. येणारच! सर्दीचा साधा खोकला बहुधा आपला आपणच जातो. श्रेय मात्र अंगठ्याला.

पडजीभ सगळ्यांचीच लोंबते, तिची जागाच ती आहे. घसा सुजला की तीही सुजते आणि लांब दिसते. म्हणजे ती सूज घशाच्या आजाराचा परिणाम. खोकल्याचं खापर तिच्यावर फोडायचं कारण नाही. फारच लांब पडजीभ जिभेला टेकून खवखवते, हे खरं. पण असं क्वचित.

गिळताना खरोखर काही उचललं जात असेल, तर तो मृदू टाळू, आणि त्याला अंगठा लागत नाही. 'लेव्हेटर वेली पॅलाटिनी' हा जोडस्नायू कवटीच्या तळापासून दोन्ही बाजूंनी खाली उतरतो आणि टाळूच्या मध्यावर एकमेकांत मिसळून झोळी तयार करतो. घास मागे सरकताच ही झोळी आवळते, टाळू वर-मागे जाऊन घशाच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद होते. शेजारचा 'टेन्सर' टाळू ताणतो, शिवाय कानाकडे जाणारी नळी उघडतो. विमान उतरताना आवंढा गिळला की कान मोकळे होतात ते त्याच्यामुळे. पडजिभेतला इवलासा स्नायू या कामात फक्त थोडी जाडी पुरवतो.

पटत नसेल तर दुभंगलेल्या टाळूचं बाळ पाहा. त्याचे लेव्हेटर मध्यावर जुळलेलेच नसतात, म्हणून दूध नाकातून येतं. उलट, नुसती पडजीभ काढलेली माणसं सहसा व्यवस्थित जेवतात. म्हणून ती कापून टाकावी असं मात्र नाही. इथिओपिया, टांझानिया, नायजर या देशांत लहान मुलांची पडजीभ कापण्याची प्रथा आहे; त्यातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग, धनुर्वात आणि मृत्यूही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आणखी काही ऐकीव गोष्टी. ठसका पडजिभेमुळे लागतो? नाही. श्वासनलिका सांभाळायला स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, झाकण खाली येतं. हे सगळं पडजिभेच्या बरंच खाली घडतं. पडजीभ अगदी निरुपयोगी? तसंही नाही, ती थोड्या वेळात भरपूर पातळ लाळ सोडू शकते, असं १९९२ मध्ये 'ऑटोलॅरिंगॉलॉजी–हेड अँड नेक सर्जरी' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं. घास स्वतःच्या वजनाने खाली जातो? मग अंतराळवीर जेवले नसते.

'आ' केल्यावर पडजीभ अचानक एका बाजूला ओढलेली दिसली, आवाज नाकातून येऊ लागला किंवा प्यायलेलं पाणी नाकात चढलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि खोकला दोन आठवडे झाले तरी हटत नसेल, तर मीठ-अंगठा राहू द्या; थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.