ई-सिगारेट आणि विमानप्रवास : ऐकीव काय, खरं काय

“व्हेप चेक-इन बॅगेत टाकू की हातातल्या?” परदेशातून सुट्टीला घरी येणारी तरुण मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. भारतात यायचं असेल, तर दोन्हीकडे नाही. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

“विकायची थोडीच आहे, एकच आहे, माझ्यापुरती.” ही पळवाट नाही. ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात, कितीही कमी जवळ बाळगणं हे कायद्याचं उल्लंघनच, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. दुबईच्या दुकानाची पावती मुंबईच्या कस्टम्ससमोर उपयोगाची नाही. ते दुकान तिथल्या कायद्याने चालतं.

जिथे व्हेपला परवानगी आहे, त्या देशांतही ती सामानात टाकून चालत नाही. “एवढीशी बॅटरी, काय होणार?” असं वाटतं खरं. पण त्या नळीत लिथियम बॅटरी आणि तापणारी तार शेजारी-शेजारी असतात. कपड्यांच्या दाबाने बटण दाबलं गेलं की तार तापत राहते. बॅटरी एकदा आतून पेटली की स्वतःच्याच उष्णतेने आणखी भडकते. केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी धावून पाणी ओततात, ती थंड करतात. पोटातल्या सामानापर्यंत उडत्या विमानात कोणाचा हात पोचणार? तिथला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण पेटलेली बॅटरी थंड करत नाही. म्हणूनच 2015 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी व्हेप चेक-इन सामानातून हद्दपार केली. ती बंद करून जवळच ठेवायची. विमानात चार्ज करायची नाही, ओढायची तर नाहीच.

“धूर कुठे असतो, वाफ तर असते” हा समज वैमानिकालाही महागात पडला आहे. जुलै 2018 मध्ये एअर चायनाच्या हाँगकाँग–दालियान विमानात सहवैमानिक कॉकपिटमध्ये ई-सिगारेट ओढत होता. वाफ प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून तो हवा फिरवणारा पंखा बंद करायला गेला आणि चुकून शेजारची वातानुकूलन यंत्रणाच बंद केली. केबिनमधला हवेचा दाब घसरला, ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि दीडशेहून अधिक प्रवासी असलेलं विमान 35,000 फुटांवरून 10,000 फुटांपर्यंत उतरवावं लागलं. शौचालयातला धूरशोधकही या वाफेने वाजू शकतो.

“फिरायला जातो तिथे सगळं चालतं” हेही खोटं. सिंगापूरमध्ये व्हेप जवळ बाळगणंच गुन्हा आहे; थायलंडमध्ये तिच्या आयातीवर 2014 पासून बंदी आहे.

तेव्हा भारतात परतताना ती तिकडेच सोडून या. आणि कृपा करून विमानतळावरच्या साध्या कचरापेटीत फेकू नका. तिथेही ती पेट घेऊ शकते. निघण्याआधीच बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.