बोलण्याआधी एक सेकंद थांबा: माझा बसलेला आवाज काय शिकवून गेला



मागच्या वर्षी दोन दिवसांचं वर्कशॉप होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा आवाज बसला. समोर चाळीस दुकानदार आणि माझ्या घशातून नुसती हवा! ट्रेनरचा आवाज बंद म्हणजे शटर डाउन. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, आठवडाभर कमी बोला. आवाज परत आला. पुढच्या वर्कशॉपला पुन्हा तेच.

तेव्हा एफ. एम. अलेक्झांडर या माणसाची गोष्ट वाचनात आली. जन्म १८६९, टास्मानियाचा. रंगमंचावर एकट्याने उतारे म्हणायचा. त्याचाही आवाज असाच बसायचा. विश्रांती घेतली की बरा, स्टेजवर गेला की पुन्हा गायब. त्याने साधा हिशोब मांडला: एरवी आवाज चांगला असतो आणि स्टेजवर जातो, म्हणजे तिथे मीच काहीतरी चुकीचं करतोय. मग आरशासमोर उभा राहून तो कित्येक महिने स्वतःला बघत राहिला. दिसलं काय? बोलायला सुरुवात करतानाच तो डोकं मागे ओढायचा, घसा दाबायचा आणि तोंडाने जोरात श्वास घ्यायचा.

खरी गंमत पुढे आहे. चूक कळली, तरी सुधारेना! ‘आता बरोबर करतोय’ असं त्याला वाटायचं आणि आरसा सांगायचा, जुनंच चाललंय. म्हणून तो आधी थांबायला शिकला. बोलायची घाई झाली की क्षणभर थांबायचं, मान मोकळी सोडायची, मग बोलायचं. यातूनच ‘अलेक्झांडर टेक्निक’ तयार झालं.

याचा अभ्यासही झालाय. इंग्लंडमध्ये जुन्या पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवरचा अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. वर्षभरानंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत साधारण २१ दिवस दुखत होतं. शिक्षकाकडून या पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांना ३ दिवस.

मी आरशाऐवजी माझेच व्हिडिओ म्यूट करून पाहिले. अवघड प्रश्न आला की हनुवटी वर, खांदे कानाला! उत्तर सुचायच्या आधीच शरीर भांडायला तयार.

तुमचंही तपासा. सप्लायरचा तगादा, थकलेली उधारी, घासाघीस करणारं गिऱ्हाईक. दात आवळले जातात, श्वास अडतो. आणि त्याच अवस्थेत आपण भाव ठरवतो, पोरांवर ओरडतो.

उद्यापासून एवढंच करा:

१. फोन वाजला की एक रिंग जाऊ द्या. तेवढ्यात दात, खांदे, श्वास कुठे अडकलेत ते बघा.

२. मान ताठ करू नका, सैल सोडा. मग फोन घ्या.

३. फोन कान आणि खांद्यात दाबून बिल बनवू नका.

४. काउंटरवरचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून बघा.

एक मात्र लक्षात ठेवा, हे औषध नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, किंवा पाठदुखीबरोबर पायात मुंग्या, बधिरपणा आला, तर आधी डॉक्टर गाठा.

माझं म्हणाल तर खांदे अजूनही वर जातात. फरक इतकाच, की आता ते मला कळतं. आणि कळलं की मी थांबतो. परवाच्या वर्कशॉपला संध्याकाळी सहापर्यंत आवाज टिकला.

मशीनला तेलपाणी करता ना? मग ते चालवणाऱ्या माणसाकडेही दिवसातून चार वेळा बघा!