सशाचें पिलूं आणि पहिलें बर्फ

आमच्या इकडील मुलांस बर्फ म्हटलें म्हणजे सरबताच्या पेल्यांतला खडा किंवा मासळीच्या पेटींतला चुरा आठवतो. तें बर्फ म्हणजे गोठून घट्ट झालेलें पाणी. थंड देशांत आकाशांतून जें पडतें तें निराळें. पिंजाऱ्यानें नुकताच पिंजलेला कापूस वाऱ्यावर सोडावा, तसें तें हळूहळू, आवाज न करितां खालीं उतरतें. आणि त्याच्या ताज्या थरांत हवा इतकी असते कीं, दहा भागांपैकीं सुमारें नऊ भाग हवाच म्हणावयास हरकत नाहीं. त्यास हिम असें चांगलें नांव आहे, परंतु बोलण्यांत आपण दोहोंसहि बर्फच म्हणतों, म्हणून आम्हींहि या लेखांत तोच शब्द ठेविला आहे. वाचकांनीं मात्र डोळ्यांपुढें कापूस आणावा. लादी आणूं नये.

असें बर्फ जन्मांत प्रथमच पाहणाऱ्या पिलाचें काय होत असेल? घरांत पाळलेलें कुत्र्याचें पिलूं पहिल्या बर्फांत सोडलें, तर तें त्यांत नाक खुपसतें, शिंकतें, मागें सरतें आणि लगेच उड्या मारूं लागतें. त्याची ती मौज पाहण्यासारखी असते खरी. पण थंडी वाजली कीं त्याला परत जाऊन शेगडीपाशीं बसतां येतें. रानांतल्या पिलास जावयाला घर नसतें. त्याच्या दृष्टीनें पहिलें बर्फ म्हणजे आजपर्यंत ओळखीची असलेली सर्व भूमि एका रात्रींत नाहींशी होणें होय. अशा एका पिलाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

उत्तर अमेरिकेंत, अलास्का व कॅनडा येथील अरण्यांतून आणि संयुक्त संस्थानांतील रॉकी वगैरे पर्वतांच्या रानांतून, एक ससा राहतो. त्याचे मागचे पाय शरीराच्या मानानें फारच मोठे व रुंद असून हिंवाळ्यांत त्यांच्या तळव्यांवर दाट केंस येतात. त्या देशांतले लोक मऊ बर्फांत रुतूं नये म्हणून पायांस जाळीचीं रुंद पायताणें बांधितात. त्यांस स्नोशू म्हणतात, आणि त्यावरूनच या सशास स्नोशू ससा हें नांव पडलें. येथें एक खुलासा केला पाहिजे. पिंजऱ्यांत पाळतात तो तांबड्या डोळ्यांचा पांढरा ससा हा नव्हे. त्या पाळीव जातीचीं पिलें जन्मतेवेळीं उघडीं व आंधळीं असतात, आणि त्यांचा पांढरा रंग बारा महिने तसाच राहतो. स्नोशू ससा हा आपल्या शेतांतून व माळांवरून पळणाऱ्या रानसशाचा भाऊबंद आहे. तो बीळ करीत नाहीं, व त्याचीं पिलें जन्मतांच केंसाळ आणि उघड्या डोळ्यांचीं असतात.

आमचें पिलूं माँटाना संस्थानांतील एका अरण्यांत जूनच्या अखेरीस जन्मलें असें समजूं. वजन साठ ग्रॅमच्या आंतबाहेर, रंग उदी. त्याला दोनतीन भावंडें आहेत. पण थोड्याच दिवसांत तीं एकमेकांपासून वेगळीं होऊन निरनिराळ्या झुडुपांखालीं दडून बसूं लागतात. आईहि जवळ राहत नाहीं. ती दिवसाकाठीं एकदांच, सूर्य मावळल्यावर येते. पिलें ठराविक जागीं जमतात, पांचदहा मिनिटें दूध पितात, आणि पुन्हां पांगतात. ही आईची निष्ठुरता नव्हे. तिचा वास व हालचाल पिलांच्या आसपास जितकी कमी, तितकें तीं शत्रूस सांपडणें कठीण. आणि शत्रू थोडे नाहींत. लिंक्स नांवाचें मोठें रानमांजर, कायोटी नांवाचा कोल्ह्यालांडग्यांच्या जातीचा प्राणी, मोठें शिंगाळें घुबड, ससाणे; यूकॉन प्रांतांत तर तांबड्या खारीसुद्धां नवजात पिलें मारून खातात असें दिसून आलें आहे. आपल्या अंगणांतल्या खारीवरून हें कोणास खरें वाटणार नाहीं! महिन्याभरांत पिलूं दूध सोडून गवतावर व पाल्यावर राहूं लागतें. धांवणें हा त्याचा एक बचाव. परंतु त्याहून मोठा बचाव म्हणजे न हालणें. उदी भूमीवर उदी पिलूं स्तब्ध बसलें म्हणजे अगदीं जवळून जाणाऱ्यासहि तें दिसत नाहीं. हा धडा तें जन्मतःच घेऊन आलेलें असतें, आणि उन्हाळाभर तो त्याच्या उपयोगीं पडतो.

आतां पुढील गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर उजाडतो. बर्फाचा अजून पत्ता नाहीं. बर्फ म्हणजे काय हें या पिलाला ठाऊक नाहीं. त्याच्या आईनें तें पाहिलें आहे, पण ती सांगणार कशी? तरीहि त्याचे पाय व कान पांढरे होऊं लागतात. मग हळूहळू अंगाच्या बाजू आणि शेवटीं पाठ पांढरी होते. केवळ कानांचीं टोंकें काळीं राहतात.

पुष्कळांची समजूत असते कीं, थंडीनें केंस पांढरे पडत असावेत. तसें नाहीं. केंस एकदां वाढला कीं तो निर्जीव पदार्थ असतो. त्याचा रंग आंतून पालटत नाहीं. जुना उदी केंस गळून त्या जागीं नवा, पांढऱ्या टोंकाचा केंस यावा लागतो, आणि सर्व अंगावर हें होण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच बर्फ पडल्यावर तयारीस लागून चालत नाहीं. पाऊस धरल्यावर घर शाकारावयास चढणाऱ्या माणसाची जी गत, तीच अशा सशाची होईल. शाकारणी मृगाच्या आधीं झाली पाहिजे हें कोंकणांतल्या कोणत्याहि मुलास ठाऊक आहे.

पण मृग जवळ आला हें आपल्यास पंचांग सांगतें. पिलास कोण सांगतें? सूर्य सांगतो. मुंबईस वर्षांतला सर्वांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा व सर्वांत मोठा सुमारें सव्वातेरा तासांचा. म्हणून आपणांस हा फरक फारसा जाणवत नाहीं. माँटानामध्यें मात्र मोठ्यांत मोठा दिवस सुमारें १६ तासांचा, तर लहानांत लहान साडेआठ तासांच्या आसपास. सप्टेंबरांत तेथें रोज तीन मिनिटांहून अधिक उजेड कमी होत जातो. हें डोळ्यांवाटें मेंदूस कळतें. मेंदूंत पिनिअल नांवाची एक लहान ग्रंथि आहे; ती अंधार असेपर्यंत मेलॅटोनिन नांवाचा रस रक्तांत सोडीत असते. रात्र लांबली कीं तो रस अधिक वेळ वाहतो, आणि त्याच्या योगानें शरीरांत पुढील फेरफार होऊन हिंवाळ्याचे केंस उगवूं लागतात. चार्ल्स लायमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशांस मिळणारा उजेड मुद्दाम कमीजास्त केला, तेव्हां रंगाचा पालट उजेडाच्या मागून जातो असें दिसून आलें. थंडीचा वाटा त्यांत अल्प होता.

हजारों पिढ्यांत जे ससे अवेळीं पालटले ते खाल्ले गेले, आणि जे वेळेवर पालटले त्यांची संतति राहिली. त्यामुळें त्या त्या रानांत बहुधा बर्फ केव्हां पडतें, याला पिलाच्या शरीरांतलें घड्याळ जुळून बसलेलें आहे. पिलाला बर्फाची आठवण नाहीं, पण त्याच्या वंशाला आहे, असें म्हटलें तरी चालेल.

मग तो दिवस येतो. नोव्हेंबरांतली संध्याकाळ, पिलूं आतां पांच महिन्यांचें, जवळजवळ पूर्ण वाढीचें झालें आहे. एका फर वृक्षाच्या खालच्या फांद्यांच्या आडोशास तें बसलें असतां बर्फ पडूं लागतें. रात्रभर पडतें. फांद्या भारानें वांकून भूमीस टेंकतात, व त्यांच्याखालीं खोपटासारखी जागा तयार होते. तेथून बाहेर पाऊल टाकतांच पाय रुततात, पण थोडेच. कारण रुंद पंजे पसरून ओझें वांटलें जातें. कायोटी त्याच मऊ बर्फांत खोल रुततो. लिंक्सचे पंजे मात्र तसेच रुंद आहेत, म्हणून त्या शत्रूपासून पायांनीं विशेष सुटका नाहीं. सशांच्या येण्याजाण्याच्या वाटा दाबल्या जाऊन लवकरच घट्ट होतात, आणि संकट आलें कीं त्या वाटेनें एकेका उडींत दहा दहा फूट अंतर तोडीत ते पळतात.

गवत व पाला तर गाडला गेला. आतां झाडाझुडुपांच्या कोंवळ्या डहाळ्या व साल यांवर वसंतापर्यंत निभाव करावयाचा. येथें बर्फ त्यास एक मदत करितें, तिचें आम्हांस मोठें नवल वाटतें. उन्हाळ्यांत मागच्या पायांवर उभें राहूनहि ज्या डहाळीस तोंड पोंचत नव्हतें, तिच्यापर्यंत आतां सहज पोंचतें. थर जसजसा चढतो तसतसें तें सशास उचलून वर नेतें. जणूं कोणी दर आठवड्यास त्याच्या पायांखालीं एकेक फळी ठेवीत जावी. आणि या सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे पांढऱ्यावर पांढरा रंग. जन्मतः आणलेला तो न हालण्याचा धडा पहिल्या बर्फांतहि जशाचा तसा उपयोगी पडतो.

मात्र बर्फ वेळेवर आलें तर.

घड्याळ बिनचूक आहे, परंतु तें सूर्याचें घड्याळ आहे, बर्फाचें नव्हे. दिवसाची लांबी हजार वर्षांपूर्वीं जशी कमी होत होती तशीच आजहि होते. बर्फाचें तसें राहिलेलें नाहीं. कोळसा व तेल जाळल्यानें हवेंत कर्बाम्ल वायु वाढला, पृथ्वीवरील उष्णता वाढली, आणि पुष्कळ ठिकाणीं बर्फ उशिरां पडून लवकर वितळूं लागलें. मग पिलूं वेळेवर पांढरें होतें, आणि भोंवतीं सुकलेला उदी पाचोळा तसाच असतो. काळोख्या खोलींत दिवा ठेवावा तसें तें दुरून दिसतें.

स्कॉट मिल्स या प्राणिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं माँटानांतील रानांत सशांच्या गळ्यांत बिनतारी यंत्राचे पट्टे बांधून तीन हिंवाळे त्यांचा माग ठेविला. ससा किती पांढरा व त्याच्या भोंवतालची भूमि किती पांढरी, हें ते वरचेवर पाहून टिपीत. एका वर्षीं बर्फ थोडे दिवस टिकलें, दुसऱ्या वर्षीं पुष्कळ दिवस. परंतु पालट सुरू होण्याची वेळ प्रत्येक वर्षीं जवळजवळ तीच. वसंतांत पांढऱ्याचें उदी होतांना सशांस थोडी गति कमीजास्त करितां येते. शरदांत तेवढीहि नाहीं. १९१३ च्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, म्हणजे २०१३ सालच्या त्यांच्या निबंधांत असा अंदाज दिला आहे कीं, तेथें बर्फ टिकण्याचे दिवस या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारें एक महिन्यानें कमी होतील.

यावर विद्यार्थी विचारतील कीं, मग पांढऱ्या सशानें शिल्लक राहिलेल्या बर्फाच्या तुकड्यावर जाऊन कां बसूं नये? किंवा अधिक दाट झुडुपांत कां दडूं नये? प्रश्न चांगला आहे, आणि मार्केटा झिमोव्हा या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं तोच तपासून २०१४ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. ससे तसें करीत नाहींत. रंग जुळत नसलेला ससा रंग जुळलेल्या सशाहून अधिक सावधपणें वागतो असें आढळलें नाहीं. मनुष्य जवळ येतांना तो लवकर पळतो असेंहि नाहीं. आपण उदी आहों अशाच भरंवशानें तो पांढराशुभ्र ससा पाचोळ्यांत स्वस्थ बसतो.

या भरंवशाची किंमत किती? १९४३ सालीं तिचा कोणी हिशेब केला नव्हता. २०१६ सालीं झाला. ज्या सशांचा रंग भूमीशीं मुळींच जुळत नाहीं, त्यांच्या जगण्याचें प्रमाण आठवड्याकाठीं शेंकडा ७ पर्यंत कमी होतें. सात हा आंकडा लहान वाटेल. पण गणिताची पाटी घेऊन पाहावें: शंभरांतून शेंकडा सात गेले, उरलेल्यांतून पुन्हां शेंकडा सात, असें चार आठवडे चाललें, तर पाऊणशेंच उरतात, आणि हा तोटा शत्रूंकडून नेहमीं होणाऱ्या तोट्यावर चढता आहे.

तरीहि सर्व स्नोशू ससे पांढरे होतात असें नाहीं. पॅसिफिक महासागराच्या बाजूस, वॉशिंग्टन व ऑरेगन संस्थानांत, जेथें बर्फ थोडें पडतें, तेथें पुष्कळ ससे हिंवाळाभर उदीच राहतात. २०१८ सालीं असें सिद्ध झालें कीं, हा गुण ज्या जनुकामुळें येतो तो पूर्वीं केव्हां तरी झालेल्या संकरामुळें काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिट नांवाच्या दुसऱ्या एका सशाच्या जातीकडून यांच्यांत आला आहे. हा गुण दबून राहणारा आहे, म्हणजे आई व बाप दोघांकडून मिळाल्यावांचून तो प्रकट होत नाहीं. त्यामुळें दोन पांढऱ्या होणाऱ्या सशांच्या पोटींहि उदी राहणारें पिलूं येऊं शकतें. कॅस्केड पर्वताच्या उतारांवर दोन्ही प्रकारचे ससे एकाच रानांत राहतात. तेथें नोव्हेंबर येतो, आणि एकाच आईचीं दोन पिलें, एक पांढरें व एक उदी, शेजारशेजारच्या झुडुपांखालीं सारखींच स्तब्ध बसतात. त्या आठवड्यांत बर्फ पडलें तर घुबडास उदी पिलूं दिसतें. न पडलें तर पांढरें.