फोटोतली गाडी आणि कागदावरची गाडी

जुनी गाडी घेताना माणूस प्रत्यक्षात दोन गाड्या घेत असतो. एक पत्र्याची, दुसरी कागदावरची. पत्र्याची खराब निघाली तर गॅरेजात उभी राहते. कागदावरची खराब निघाली तर दारात उभी राहते आणि रस्त्यावर काढायची सोय उरत नाही.

साताऱ्याचा माणूस आज नागपूरची गाडी मोबाइलवर बघतो, टोकन पाठवतो आणि ट्रेलरवरून गाडी येण्याची वाट बघतो. परदेशात राहणारी मुलंसुद्धा पुण्यातल्या आईवडिलांसाठी अशाच गाड्या घेतात. यात वेडेपणा काही नाही. वेडेपणा आहे तो तपासण्याच्या क्रमात. फोटो बोटांनी मोठे करकरून बघायचे आणि कागदांचा विषय निघाला की ‘ते एजंट करून देईल’ म्हणायचं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कागदावरची गाडी घरबसल्या तपासता येते. पत्र्याची येत नाही.

‘वीस फोटो टाकलेत, अजून काय बघायचं?’

फोटोत रंग दिसतो, त्याखालची लांबी-पुट्टी दिसत नाही. कोकणातली, गोव्यातली किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी दाराखालच्या पत्र्यात, फ्लोअरमध्ये आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात आधी गंजते. जाहिरातीत नेमक्या याच जागांचा फोटो नसतो. इंजिनाचा आवाज, क्लच कुठे धरतो, गिअर घालताना होणारा कुरकुराट, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढणं, आतला वास, यातलं काहीच फोटोत येत नाही.

म्हणून फोटोंऐवजी सलग व्हिडिओ मागावा, मध्ये कुठेही न तोडलेला. इंजिन गार असताना, बॉनेटखाली हात ठेवून ते गार असल्याचं दाखवून, मग चावी फिरवायची. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात सायलेन्सरमधून येणारा निळा धूर फक्त गार इंजिनच दाखवतं. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे. काचांवर उत्पादनाच्या वर्षाची खूण असते; एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का, हे विचारावं. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

हे सगळं झालं तरी शेवटी एक माणूस गाडीजवळ जायलाच हवा. त्या गावातला मेकॅनिक, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे, आपण शोधलेला. त्याचे दीडदोन हजार रुपये वाचवणारे लोक पुढे गिअरबॉक्सला किती घालतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आणि कंपनीच्या वेबसाइटवर ‘दोनशे मुद्द्यांची तपासणी’ असं लिहिलेलं असलं तरी तपासणी म्हणजे वॉरंटी नव्हे. क्लच, बॅटरी, ब्रेक पॅड, टायर असे झिजणारे भाग वॉरंटीतून बहुधा वगळलेले असतात. गाडी परत करण्याची मुभा असेल तर किती दिवस आणि किती किलोमीटर, हे बारीक अक्षरातलं आधी वाचावं.

‘मीटरवर फक्त ३८ हजार आहे’

मीटर डिजिटल झाल्यावर फिरवता येणार नाही, असा एक भाबडा समज आहे. उलट ते सोपं झालं. पूर्वी मीटर खोलून चाकं मागे फिरवावी लागत. आता डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडलं की काम होतं. खरं किलोमीटर सर्व्हिसच्या नोंदींत सापडतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीला रीडिंग लिहिलं जातं. त्या नोंदींची प्रत मालकाकडूनच मागावी. नोंदी नसतील तर पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड पाहावी. ३८ हजारांत ब्रेकच्या पेडलवरच्या रेषा पुसल्या जात नाहीत.

पाण्यात गेलेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ ला चेन्नई बुडाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली. अशा प्रत्येक पुरानंतर काही गाड्या विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवते. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की असं ठरतं. या गाड्या लिलावात निघतात. काही सुट्या भागांसाठी फुटतात, काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच शहरात. चिखल धुता येतो. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी महिन्यांनी डोकं वर काढतं. मेकॅनिकला सांगावं, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पाण्याची रेघ असेल तर तिथे सापडते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालची बारीक माती हे आणखी दोन साक्षीदार.

‘ॲपवर नंबर टाकला, सगळं जुळलं’

परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ ॲपवर किंवा ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्ज आहे का, हे सगळं कळतं. महाराष्ट्रातली थकलेली ई-चलनं महाट्रॅफिकवर दिसतात. एवढं तपासलं म्हणजे गाडी खरी आहे हे समजतं. ती समोरच्या माणसाची आहे, हे मात्र त्यातून समजत नाही.

या फटीतूनच सर्वांत मोठी फसवणूक चालते. जाहिरातीत चांगली हॅचबॅक, किंमत बाजारभावाच्या निम्मी. विक्रेता सांगतो, मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये किंवा छावणीत आहे, बघायला बाहेरच्यांना परवानगी नाही. गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कॅन्टीन कार्डसुद्धा. मग ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’चं भाडं भरा, मग विमा भरा, मग परत मिळणारी अनामत भरा. गाडीचे फोटो आणि नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या जाहिरातीतून उचललेले असतात, म्हणून ॲपवर सगळं जुळतं. ओळखपत्रही आधी फसलेल्या कुणाचं तरी असू शकतं.

यावर उपाय साधा आहे. कागदावर आपण सांगू तो शब्द आणि आजची तारीख लिहून, तो कागद गाडीच्या काचेवर ठेवून, तिथून चॅसिस नंबरापर्यंत सलग व्हिडिओ कॉल करायला सांगावं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यात पैसे जावेत; भाऊ, मेहुणा, मित्र यांच्या खात्यात नकोत. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘टोकन परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा परत पाठवत नसतो, आणखी काढत असतो.

‘लोन फिटलंय, फक्त एचपी काढायची राहिली’

फक्त! हप्ते संपले तरी आरसीवरचा बँकेचा बोजा, म्हणजेच एचपी, आपोआप उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय तो तसाच राहतो, आणि बोजा असलेली गाडी बँकेच्या संमतीशिवाय नावावर होत नाही. बँकेच्या पत्राला मुदत असते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. बोजा उतरवून द्या, मग उरलेले पैसे घ्या, एवढंच म्हणावं.

‘फॉर्मवर सह्या झाल्या, गाडी आपली’

फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या कोऱ्या सह्या घेऊन गाडी महिनोनमहिने चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. ज्याचं नाव नोंदलेलं तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. गाडी हातोहात चार जणांकडे गेली होती, पण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आली ती आरसीवरच्या पहिल्या मालकावर. विक्रेत्याला हे दाखवावं. तो स्वतःच आरटीओत घाई करेल.

विम्याचा गैरसमज याला चिकटूनच येतो. गाडीबरोबर विमा येतो, हे अर्धंच खरं आहे. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जातं. आपल्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण मात्र पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही; त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. आणि नो-क्लेम बोनस गाडीचा नसतोच, तो माणसाचा असतो. विक्रेत्याची ५० टक्क्यांची सवलत तो आपल्याबरोबर घेऊन जातो. फरक आपण भरायचा.

आणखी एक, महाराष्ट्रापुरतं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, ते बघून घ्यावं. नसेल तर आरटीओतलं काम अडतं.

दिल्लीची स्वस्त गाडी

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने बंदी आली. अंमलबजावणी पुढे-मागे होत राहिली, पण त्या धास्तीने तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर निघतात. त्या सगळ्या भंगार असतात असं नाही. वयामुळे निघालेली गाडी चांगलीही असते. गणित चुकतं ते पुढे. तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने, गाडीचं वय धरून, मग नवा नंबर. ‘बाहेरचा नंबर वर्षभर चालतो’ हे ऐकून लोक निर्धास्त होतात; ती बारा महिन्यांची सवलत नव्या नंबरासाठी आहे, मालकी बदलण्यासाठी नाही. राज्यातल्या राज्यात ही कटकट नाही. एमएच-३१ ची गाडी कोल्हापुरात आली तरी नंबर तोच राहतो.

जीएसटीचं दोन वाक्यांत सांगतो, कारण डिसेंबर २०२४ मध्ये उगाच गोंधळ उडाला होता. १८ टक्के कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, तोही त्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो. शेजाऱ्याने आपली जुनी गाडी तुम्हाला विकली तर लागत नाही.

‘पद्मिनी आहे, म्हणजे व्हिंटेजच की’

इथे भावना फार आणि वाचन कमी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा निरोप ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या गाडीच्या जाहिरातींना एकदम ‘क्लासिक’, ‘व्हिंटेज’ अशी विशेषणं चिकटली. पण केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. म्हणजे अगदी सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे या ओळीत येत आहेत. १९८५ ची पद्मिनी नियमाने फक्त जुनी गाडी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८०० सुद्धा २०३३ पर्यंत थांबेल.

आणि व्हिंटेज ठरली तरी आनंद मर्यादित. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं यासाठीच ती रस्त्यावर काढायची. रोज ऑफिसला न्यायची असेल तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही. मग साध्या नोंदणीचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर. आणि वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार.

अशी गाडी न बघता घेताना एकच गोष्ट हट्टाने मागावी: इंजिनावर कोरलेल्या नंबराचा स्पष्ट फोटो. चाळीस वर्षांत कित्येक पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर गाड्यांची इंजिनं बदलली, काहींत तर डिझेल बसलं. त्याची नोंद आरसीवर नसेल तर आरटीओची तपासणी तिथेच थांबते. टॅक्सीची खासगी केलेली असेल तर परमिट रद्द झाल्याचा कागद हवा. राहिला गुंतवणुकीचा प्रश्न. जाहिरातीतला आकडा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. आणि क्रोम, रबर, काचा यांचा खर्च त्यात कुणी लिहीत नाही. हौस म्हणून घ्यावी. नफ्यासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फसलो तर?

‘न बघता घेतली, आता बोलायला तोंड नाही’ हाही गैरसमजच. १९३० चा वस्तुविक्री कायदा दर्जाची हमी सहसा देत नाही, पण वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, असं त्याचं कलम १५ सांगतं. कलम ४१ प्रमाणे न बघता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरलं जात नाही. म्हणून जाहिरात आणि सगळं संभाषण जपून ठेवावं. जाहिरात विक्रीनंतर गायब होते. बँकेच्या लिलावात मात्र ‘आहे तशी, आहे तिथे’ ही अट मान्य करूनच बोली लावलेली असते.

व्यावसायिक विक्रेता असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं; ते आधीच मागावं. स्वतःची गाडी विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध ग्राहक आयोगाचा उपयोग सहसा होत नाही, तिथे दिवाणी दावाच उरतो.

आणि गाडीच नव्हती, नुसते पैसेच गेले, असं लक्षात आलं तर मेहुण्याला फोन करण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला करा आणि बँकेला कळवा. पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात.