माळ्यावरचा व्हिडिओ गेम

बारामती-इंदापूरकडच्या ज्या घरात आज चाळिशीतला माणूस आहे, त्या घराचा माळा एकदा नीट पाहावा. जुन्या गाद्यांमागे एखादी पिशवी सापडेल. आत करड्या प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट, एक-दोन कॅसेट आणि नशीब असेल तर एक बंदूकही. कुणी तो साठवलेल्या ईदीतून घेतलेला असतो, तर कुणाच्या मामूंनी दुबईहून आणलेला.

यंदा माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने असा डबा भंगारवाल्याकडून पन्नास रुपयांना उचलला. चार दिवसांनी त्याच्या अम्मी शाळेत आल्या. “सर, मोबाईल कमी होता का, आता हे! गणितात बारा मार्क आहेत त्याला. समजवा, नाही तर मी फेकून देते.” मी म्हटलं, आपा, फेकू नका. महिनाभर राहू द्या. का म्हटलं, ते इथे सांगतो, कारण ही तक्रार एका घरातली नाही.

या डब्याचा मूळपुरुष म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने तो घडवला आणि 15 जुलै 1983 रोजी तो बाजारात आला. आपल्याकडे आले ते बहुतेक त्याच्या नकला. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचे काम नंतरच्या नकलांमध्ये एकाच चिपवर बसवलेले असते, आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा थेंब ओतलेला असतो. मुलाने स्क्रू काढले तेव्हा त्याला हा थेंबच दिसला. “सर, आत काहीच नाही!” म्हणाला.

आत खरोखरच फार नाही. प्रोसेसरच्या हाताशी स्मृती फक्त 2 किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) हा अख्खा खेळ 40 किलोबाइटचा. तुमच्या मोबाईलमधला एक फोटो चार मेगाबाइटचा धरला, तर त्यात असे शंभर मारिओ मावतील. जागा इतकी तोकडी की मारिओमधले ढग आणि झुडपे हे एकच चित्र आहे. रंग बदलला, काम भागले. उरलेल्या कापडातून झबले बेतणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच कळले असते.

आणखी एक गंमत. या यंत्राला आडव्या एका रेषेत फक्त आठ हलती चित्रे दाखवता येतात. नववे आले की ते गायब. म्हणून प्रोग्राम लिहिणारे त्यांची पाळी बदलत राहतात आणि गर्दी झाली की शत्रू लुकलुकतात. आम्ही तेव्हा टीव्हीला थापड मारायचो.

बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट ती पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या भागाला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर बदक पडले. हे सारे जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेले आहे. आजच्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. बंदूक बिघडली म्हणून टाकून देऊ नये.

कॅसेटला फुंकर मारणे मात्र आता थांबवा. तोंडातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या काळवंडतात. फुंकरीनंतर ती चालायची, कारण आपण ती काढून पुन्हा बसवलेली असायची. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. नाव ऐकून दचकू नका, हे पिण्याचे नाही, विष आहे. लहान मुलांपासून दूर ठेवा. आणि मुलांना डबा उघडू द्या, पण जुना टीव्ही कधीही उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब उरतो.

आता गणिताचे. आठ बिटांच्या एका घरात 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. त्यातला वरचा बिट ऋण चिन्ह मानला, तर 127 च्या पुढे गेलात की आकडा उणे होतो. मारिओमध्ये कासवावर उड्या मारून मारून 127 च्या पुढे जीव जमवा आणि मग एकदा मरून पाहा. खेळ तिथेच संपतो. यंत्राच्या हिशेबी तुमचे जीव शून्याच्याही खाली गेलेले असतात. ऋण संख्यांचा धडा मी तीन तास शिकवला होता. त्या मुलाला तो या एका वाक्यात पटला.

पडद्यावरचे प्रत्येक चित्र 8 बाय 8 चौकटींच्या फरश्यांचे असते. एक फरशी 16 बाइट. मारिओच्या चित्रांना 8 किलोबाइट, म्हणजे 512 फरश्या. हा भागाकार त्याने स्वतः फळ्यावर केला. मग वहीच्या चौकटीत आपले नाव उर्दूत बसवायला लागला. अलिफ सोपा, एक उभी रेघ. नून बसला, नुक्त्यासह. चे अडला. पोटातले तीन नुक्ते मांडले की ते एकमेकांना चिकटतात. शिवाय अक्षर शब्दात सुरुवातीला, मध्ये, शेवटी वेगळे दिसते, म्हणजे एका अक्षराला तीन-चार फरश्या. 1980 च्या दशकात कुवेतच्या सख्र संगणकांनी हीच लिपी पडद्यावर आणली, तेव्हा त्यांच्यापुढेही हे कोडे होतेच.

परवा त्याच्या अम्मी बाजारात भेटल्या. डबा अजून घरात आहे. चे अजून बसलेला नाही. दोन फरश्या जोडून पाहतो म्हणाला आहे.