अमेरिकेतील माजी सैनिकांचे अंत्यविधीविषयक हक्क

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १७ जुलै १८६२ रोजी, राष्ट्रीय दफनभूमी स्थापन करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना कायद्याने मिळाला. १९७३ मध्ये बहुतेक दफनभूमी लष्कराकडून माजी सैनिक प्रशासनाकडे आल्या; आर्लिंग्टन मात्र लष्कराकडेच राहिली.

पात्र सैनिकास तेथे जागा, खोदाई, स्मृतिशिला, राष्ट्रध्वज व कायमची देखभाल विनामूल्य मिळते. पती वा पत्नी आणि अवलंबित अपत्ये सैनिकाच्या आधी निवर्तली, तरी त्यांनाही हा हक्क आहे. १ जानेवारी २००० पासून, कुटुंबाने मागणी केल्यास, किमान दोन गणवेशधारी सैनिक ध्वजाची घडी घालून तो आप्तांच्या हाती देतात व ‘टॅप्स’ ही धून वाजविली जाते.

‘विनामूल्य’ हा शब्द मात्र जपूनच वाचावा. शवपेटी, दहन व अंत्यविधी व्यावसायिकांचे शुल्क कुटुंबाच्याच माथी येते. भत्ता मिळतो तो मर्यादित. शिवाय सारी भिस्त ‘डीडी-२१४’ या सेवामुक्तिपत्रावर असते. लष्करी न्यायालयाने अप्रतिष्ठेने सेवामुक्त केलेल्यास हे हक्क नाहीत. ऐन शोकात कुटुंबाला हा कागद शोधावा लागू नये, यासाठी २०१६ पासून सैनिकाला हयातीतच पात्रतेचा निर्णय मागता येतो.