गळ, नोंदवही आणि वशिंडाचा महाशीर

गळाने मासे धरायला मी कोकणात मामाकडे शिकलो. तिथे त्याला ‘गरवणं’ म्हणतात. पुढे तीसेक वर्षं पुण्यात प्राणिशास्त्र शिकवलं. पण सुट्टीत काठी घेऊन नदीवर जाणं सुटलं नाही. त्यामुळे एक प्रश्न मला दोन्ही बाजूंनी छळत आला आहे. माशांवर संशोधन होतं, ते इंग्रजी नियतकालिकांत छापूनही येतं. पण ज्याच्या हातात गळ आहे, त्या हौशी माणसापर्यंत ते पोहोचतं का? आणि पोहोचलं, तर कोणत्या भाषेत?

कावेरीतल्या महाशीराची गोष्ट या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार उपयोगी आहे. या गोष्टीचं एक टोक आपल्या लोणावळ्यात आहे.

कर्नाटकात कावेरीच्या काठी गलिबोरे, भीमेश्वरी अशा ठिकाणी हौशी मासेमारांचे कॅम्प होते. आमिष म्हणून नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. मासा लागला की वजन करायचं, फोटो काढायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. कॅम्पवर नोंदवही असे. कोण किती तास बसला, किती मासे लागले, वजन किती, हे सगळं तीत लिहिलं जाई. लिहिणाऱ्यांच्या मनात संशोधन नव्हतं. आपला मासा इतरांपेक्षा मोठा होता, एवढं सिद्ध झालं की पुरे!

पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी गलिबोरेच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी अभ्यासल्या. 23,620 तासांची मासेमारी आणि 6,161 महाशीर. म्हणजे सरासरी जवळपास चार तासांना एक मासा. नुसता माशांचा आकडा फसवा असतो. दहा माणसं बसली तर दोघांपेक्षा जास्त मासे लागणारच. म्हणून ‘तासाला किती’ हा हिशेब महत्त्वाचा. तो मांडल्यावर दिसलं, की माशांची संख्या वर्षागणिक वाढते आहे आणि सरासरी वजन घटतं आहे. याचा अर्थ, नदीत लहान मासे पुष्कळ आहेत, वीण चांगली होते आहे. बातमी आनंदाची होती.

पण महाशीर एकाच जातीचा नव्हता. ज्याच्यासाठी जगभरातून माणसं कावेरीवर येत, तो पाठीवर बैलासारखं वशिंड असलेला महाशीर. दुसरा निळसर परांचा. नोंदी या दोघांत वेगळ्या केल्यावर चित्र उलटं झालं. वाढत होता तो निळ्या परांचा. वशिंडाचा जवळजवळ नाहीसा होत चालला होता.

हा निळ्या परांचा मासा आपला. 1839 साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं ‘खुद्री’. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. तिथली बोटुकली अनेक राज्यांत गेली, कर्नाटकातही गेली. हेतू महाशीर वाचवण्याचाच होता. पण कावेरीचा मूळ रहिवासी वेगळा आहे, हे तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 सालच्या ‘द रॉड इन इंडिया’मध्ये दक्षिणेतल्या महाशीराच्या शिकारीची ख्याती पसरवली, तरी वशिंडाच्या महाशीराला पक्कं शास्त्रीय नाव मिळायला 2018 साल उजाडलं. तो ‘टॉर रेमादेवी’ ठरला. नावच नव्हतं, तोवर धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याला जागाही नव्हती. नाव मिळालं आणि तो थेट ‘अतिसंकटग्रस्त’ या रकान्यात गेला. धरणं, सुरुंगाने होणारी मासेमारी, प्रदूषण ही कारणं आहेतच. बाहेरून सोडलेला भाऊबंदही त्यांपैकी एक असावा, असं संशोधक मानतात.

हे सगळं मी एकदा आमच्या गरवणाऱ्या मित्रमंडळींना सांगायला गेलो. उत्साहात आधी आलेख दाखवला, मग निष्कर्ष. खोली गप्प झाली. आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांनी कधीकाळी पदरमोड करून महाशीराचं बीज नदीत सोडलेलं होतं. ते एवढंच म्हणाले, “सर, आम्ही मासा वाचवायला गेलो होतो हो.” आणि उठून गेले.

चूक माझी होती. माहिती खरी होती, पण मी ती आरोपपत्रासारखी वाचली होती.

दोन महिन्यांनी मी अण्णांच्या घरी गेलो. या वेळी सुरुवात नोंदवहीपासून केली. म्हटलं, अण्णा, हा मासा नाहीसा होतोय हे गळवाल्यांच्या वहीमुळेच तर कळलं. शास्त्रज्ञांचं जाळं तिथल्या खडकाळ, खोल डोहांत कुठे चालतं? त्यांनी मान हलवली. मग वजनं सांगितली, तीही त्यांच्या भाषेत, पौंडांत. सर्वांत मोठा 104 पौंडांचा, हे ऐकून ते सावरून बसले. मग दोन जातींचे फोटो शेजारी ठेवले आणि विचारलं, “फरक दिसतो?” फरक त्यांनीच मला दाखवला. निष्कर्षही त्यांनीच काढला: “म्हणजे दुसऱ्या नदीचं बीज टाकायचं नाही.”

संशोधन पोहोचवणं म्हणजे सोपं करून सांगणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, ते उसनं घेतलेलं परत करणं आहे. ज्याच्या नोंदी घेतल्या, त्याला निकाल आधी कळला पाहिजे. काय नक्की आहे आणि कशाचा नुसता संशय आहे, हे वेगळं करून सांगितलं पाहिजे. आणि ऐकून घरी गेल्यावर करायला त्याच्या हाती काही काम उरलं पाहिजे. अभयारण्यांतली गळमासेमारी बंद झाली, कावेरीचे ते कॅम्प मिटले आणि त्यांच्याबरोबर नोंदवह्याही मिटल्या. त्या पाण्यात आज काय चाललं आहे, हे सांगणारे डोळे तेवढे कमी झाले.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. काठी त्यांनी नातवाला दिली. सोबत एक वहीही दिली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः रकाने आखले आहेत: तारीख, जागा, तास, मासा, वजन. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या मनाने वाढवला आहे: ‘मूळचा की आणलेला?’